कॅमेऱ्यामागच्या गोष्टी – भाग ७ : लिहायचा राहिलेला कागद

नाशकात गोदाकाठची सफाई करणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही चौघं हौसेनं फिल्म करत होतो. कॅमेरा एकाचा, ट्रायपॉड दुसऱ्याचा, बॅटऱ्या उसन्या आणि म्हाताऱ्या. रामकुंडापाशी फुलं विकणाऱ्या आजी बावीस मिनिटं बोलल्या. पुराचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागायच्या आत टोपल्या कशा हलवायच्या, हे त्या हातानं दाखवत होत्या. तेवढ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं आणि आमच्यातल्या एकानं रेकॉर्डिंग बंद न करताच खालचं झाकण उघडून बॅटरी ओढली.

घरी कार्ड लावलं. फाईल होती, आठ जीबीची, पण उघडेना.

मग चित्रण गेलं कुठे? कुठेच नाही. एमपी४ फाईलचं काम निफाडकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसारखं असतं. पेट्या येतात तशा थप्पीला लागत जातात. कुठली पेटी कुठे, याचा कागद बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवलं की मगच लिहितात. तांत्रिक भाषेत या कागदाला ‘मूव्ह अ‍ॅटम’ म्हणतात. आम्ही कागद लिहिणाऱ्यालाच मध्येच घरी पाठवलं होतं. माल आत, पण प्लेअरला एकही पेटी सापडत नाही.

दादासाहेब फाळक्यांना ही धास्ती नव्हती. १९१३ मध्ये ते बिऱ्हाड घेऊन नाशकात आले तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचा होता. फिरवणारा मध्येच थांबला, तरी तोवरची फ्रेम न् फ्रेम पट्टीवर उमटलेली असायची. (ती पट्टी पेट घ्यायची, ही गोष्ट वेगळी.)

अशा वेळी पहिला नियम: कार्डावर नवीन काही घ्यायचं नाही. कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करू का?’ असं लाघवीपणे विचारतो, त्याला नाही म्हणायचं. चांगली बॅटरी घालून तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात एकदा लावून बघावं; काही कॅमेरे अर्धवट फाईल स्वतःच दुरुस्त करतात. आमच्यानं केली नाही. मग अख्ख्या कार्डाची नक्कल करून त्या नकलेवर ‘अनट्रंक’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धडधाकट फाईल नमुन्याला द्यावी लागते. ती बघून तो पेट्या ओळखतो आणि नवा कागद तयार करतो. आम्ही नमुना दिला तो त्याच सकाळी घेतलेला, पायरीवर झोपलेल्या कुत्र्याचा.

रात्री दीडला आजी पडद्यावर हलल्या. शेवटची काही सेकंदं तेवढी मिळाली नाहीत. ती मोबाईलवर वेगळ्या घेतलेल्या आवाजात आहेत. आजी विचारतात, “झालं का रे तुमचं?” आणि झाकण उघडल्याचा टक् आवाज येतो.

पुढच्या आठवड्यात : हा वेगळा आवाज चित्राला जुळवायचा कसा?