दूरचित्रवाणी संचाची खरेदी : किंमत आणि मोल
(विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

सारांश

दूरचित्रवाणी संच खरेदी करताना ग्राहक बहुधा नाममुद्रा, पडद्याचा आकार आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत यांची तुलना करतो. संचाचे खरे मोल मात्र तो किती वर्षे चालतो, बिघडल्यास कोठे दुरुस्त होतो आणि त्यातील सुविधांचा घरात किती उपयोग होतो यांवर ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील ग्राहकाची परिस्थिती लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी संच, नाममुद्रा, वार्षिक खर्च, विक्रीपश्चात सेवा, ग्राहक संरक्षण.

प्रस्तावना

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी कार्यान्वित झाले आणि 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपणाचा प्रारंभ झाला. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील 47.2 टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. शहरी भागात हे प्रमाण 76.7 टक्के, तर ग्रामीण भागात 33.4 टक्के होते. एकेकाळी चैनीची समजली जाणारी ही वस्तू आज सर्वसामान्य कुटुंबाची गरज बनली आहे.

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके असून 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 होती. बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात आणि कापूस व सोयाबीन ही त्यांची प्रमुख नगदी पिके आहेत. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतो, तर कापसाचा त्यानंतर वेचणीप्रमाणे. बियाण्याची उधारी आणि पीककर्ज फेडून जे उरते त्यातूनच घरातील मोठी खरेदी होते. त्यामुळे येथील कुटुंबाची निवड चुकली, तर ती सुधारण्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. म्हणूनच संच निवडण्याचा प्रश्न केवळ आवडीचा नसून तो कौटुंबिक अर्थव्यवहाराचा आहे.

उद्दिष्टे

1. नाममुद्रेच्या बदललेल्या अर्थाचा विचार करणे.
2. संचाच्या प्रत्यक्ष किमतीचे घटक स्पष्ट करणे.
3. ग्राहकाला तुलनेची सोपी पद्धत उपलब्ध करून देणे.

नाममुद्रेचा बदललेला अर्थ

मागील पिढीच्या मनात नाममुद्रा आणि कारखाना या दोन गोष्टी एकच होत्या. 1981 मध्ये स्थापन झालेल्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सचे ओनिडा संच, तसेच औरंगाबादच्या म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगसमूहाचे व्हिडिओकॉन संच महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. हे संच मोठ्या काचेच्या पिक्चर ट्यूबचे होते. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत आणि स्थानिक कारागीर एखादा भाग बदलून संच पुन्हा चालू करून देई.

पुढे चित्र पालटले. कर्जबाजारी झालेल्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्ध 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. नाव कितीही परिचित असले तरी त्यामागील व्यवस्था कायम राहीलच असे नाही, हा या घटनेचा ग्राहकासाठी धडा आहे.

दुसरा बदल तंत्राचा आहे. आजच्या एलईडी संचातील सर्वांत महाग भाग म्हणजे पॅनेल. ते प्रामुख्याने परदेशांतून येते आणि मोजक्या उत्पादकांची पॅनेले अनेक नाममुद्रांच्या संचांत वापरली जातात. जुळणीचे कामही पुष्कळदा दुसरीच कंपनी करते. नोएडा येथील डिक्सन टेक्नॉलॉजीज ही अनेक नाममुद्रांसाठी संच तयार करणारी भारतीय कंपनी याचे उदाहरण होय. कोडॅक आणि थॉमसन ही जुनी परदेशी नावे भारतात परवाना घेतलेल्या वेगळ्याच कंपनीने संचांवर आणली. सारांश, आज नाममुद्रेसाठी जादा पैसे मोजताना ग्राहक मुख्यतः चित्राची जुळवणी, आतील सर्किट, सॉफ्टवेअर आणि विक्रीपश्चात सेवा विकत घेत असतो. यांपैकी सेवा आपल्या गावापर्यंत पोहोचत नसेल, तर त्या जादा रकमेचा मोठा भाग वाया जातो.

किमतीचे घटक

वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर समाविष्ट असतात. तीपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. तथापि ही किंमत वरची मर्यादा आहे. तीवरून दाखविलेली सवलत ही बचत मानणे योग्य नाही. दोन-तीन दुकानांतील व ऑनलाइन विक्रीतील प्रत्यक्ष रोख किमतींचीच तुलना केली पाहिजे.

कराच्या बाबतीतही जुना समज बदलणे आवश्यक आहे. 1 जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या संचांवर 18 टक्के, तर त्याहून मोठ्या संचांवर 28 टक्के वस्तू व सेवा कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या संचांवरील करही 18 टक्के झाला. करपूर्व 20,000 रुपयांचा 43 इंची संच पूर्वी 25,600 रुपयांना पडत असे. तो आता 23,600 रुपयांना पडतो.

हप्त्यांची खरेदी हा सर्वांत नाजूक भाग आहे. शून्य टक्के व्याज ही संकल्पना अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावले होते. उदाहरणादाखल, एखादा संच रोखीने 14,000 रुपयांना मिळतो आणि हप्त्यांवर 500 रुपये प्रक्रिया शुल्क व दरमहा 1,500 रुपयांचे 10 हप्ते आहेत असे मानू. एकूण 15,500 रुपये द्यावे लागतात; म्हणजे वर्षाला सुमारे 23 टक्के दराने व्याज पडते. शिवाय हप्ता दरमहा द्यायचा असतो, शेतीचे उत्पन्न मात्र हंगामी असते. खात्यात रक्कम नसल्यामुळे हप्ता परत गेला की दंडाची भर पडते. म्हणून नोकरदाराला सोयीची असणारी योजना शेतकऱ्याला सोयीची असेलच असे नाही.

उपयुक्तता आणि स्थानिक परिस्थिती

पडद्याचा आकार कर्णात मोजतात. 32 इंच म्हणजे सुमारे 80 सेंटिमीटर. लहान खोलीत हा आकार सामान्यतः पुरेसा होतो. स्पष्टतेचा विचार घरात येणाऱ्या प्रक्षेपणावरून करावा. डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डिश सेवा ग्रामीण भागात लोकप्रिय असून तिच्यावरील बहुतांश वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. केवळ त्याच पाहणाऱ्या कुटुंबाने फोर-के पडद्यासाठी जादा खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. इंटरनेट जोडणी असणाऱ्या व मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ पाहणाऱ्या घरी मात्र स्मार्ट संचाचा उपयोग होतो.

विजेच्या दाबातील चढउतार आणि पावसाळ्यातील विजांचा कडकडाट हे संचाचे मोठे शत्रू आहेत. संच किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे माहितीपत्रकात पाहावे, गरज असल्यास स्टॅबिलायझर घ्यावा आणि वादळाच्या वेळी विजेच्या पिनेबरोबर डिशची वायरही काढून ठेवावी. आकाशातील विजेमुळे झालेली हानी सहसा हमीत बसत नाही.

विक्रीपश्चात सेवेबाबत नेमका प्रश्न विचारला पाहिजे : तंत्रज्ञ घरी येतो का, आणि कोठून येतो? उमरखेडच्या ग्राहकाला नांदेड जवळ, तर वणीच्या ग्राहकाला चंद्रपूर जवळ. सपाट पडद्याचा संच दुचाकीवर वा एस.टी.मध्ये नेणे धोक्याचे असते. शिवाय पॅनेल निकामी झाल्यास ते संपूर्ण बदलावे लागते व त्याचा खर्च नव्या संचाच्या किमतीजवळ जातो. म्हणून हमी किती वर्षांची याबरोबरच पॅनेल तीत समाविष्ट आहे का, हे लेखी पाहावे.

तुलनेची पद्धत

खरेदीची रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च यांच्या बेरजेला संच चाललेल्या वर्षांनी भागले असता वार्षिक खर्च मिळतो. काल्पनिक उदाहरण घेऊ. संच ‘अ’ 10,500 रुपयांचा असून तीन वर्षांनंतर दुरुस्तीअभावी बंद पडला. वार्षिक खर्च 3,500 रुपये. संच ‘ब’ 15,000 रुपयांचा असून 2,000 रुपयांच्या एका दुरुस्तीसह सात वर्षे चालला. वार्षिक खर्च सुमारे 2,430 रुपये. तो पाचच वर्षे चालला तरी हा खर्च 3,400 रुपये येतो. मात्र सेवा न मिळाल्याने ‘ब’ही तीन वर्षांतच बंद पडला, तर वार्षिक खर्च 5,000 रुपये होतो. म्हणजेच महाग संच आपोआप किफायतशीर ठरत नाही. दुरुस्तीची सोय असेल तरच तो किफायतशीर ठरतो.

वीजखर्चाचा फरक त्या मानाने लहान आहे. 45 वॉटचा संच रोज पाच तास चालल्यास वर्षाला सुमारे 82 युनिट लागतात. 80 वॉटच्या संचाला 146 युनिट. प्रतियुनिट 8 रुपये धरल्यास फरक सुमारे 500 रुपयांचा होतो.

कायद्याचे संरक्षण

20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे ऑनलाइन खरेदीसाठीही विक्रेत्याच्या शहरात जावे लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. परंतु या सर्वांचा पाया म्हणजे पक्के बिल. कर वाचविण्यासाठी बिलाविना घेतलेल्या संचाची हमी व तक्रार दोन्ही दुबळी ठरतात.

निष्कर्ष

1. आजची नाममुद्रा ही कारखान्यापेक्षा सेवेची ग्वाही म्हणून पारखली पाहिजे.
2. तुलना छापील किमतीची न करता रोख किमतीची व वार्षिक खर्चाची करावी.
3. हप्त्यांचा निर्णय उत्पन्नाच्या हंगामाशी जुळवून घ्यावा.
4. जवळच्या सेवेची खात्री, पॅनेलची लेखी हमी आणि पक्के बिल या तीन गोष्टी मिळत नसतील, तर स्वस्त संचही महाग पडतो.

किंमत दुकानात एकदाच मोजली जाते. मोल मात्र घरात वर्षानुवर्षे अनुभवास येते. हंगामाच्या कमाईतून संच घेणाऱ्या कुटुंबाने या दोहोंतील अंतर खरेदीपूर्वीच ओळखणे हिताचे आहे.