घरातली यंत्रं, लेखांक ६ : सुटं काय, सोल्डर केलेलं काय

भाच्यासाठी लॅपटॉप घ्यायला आम्ही दुकानात गेलो. यंत्र निवडायला दीड तास लागला, आणि पैसे देताना काउंटरवर जे काही जमा झालं त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. कूलिंग पॅड, की-बोर्डवर पसरायचं सिलिकॉनचं कातडं, स्क्रीनची फिल्म, कॅमेऱ्यावर सरकणारं झाकण, दिवे लागणारा माउस, साफसफाईचं किट. ‘काका, नवीन मशीन आहे, एवढं तर घ्याच,’ दुकानदार म्हणाला. मी माउस ठेवून घेतला, बाकीचं परत सरकवलं आणि विचारलं, ‘यात पुढे रॅम वाढवता येईल का?’ तेव्हा मात्र त्याला आत जाऊन कोणाला तरी विचारावं लागलं.

गेल्या आठवड्यात आपण लॅपटॉप कसा निवडावा ते पाहिलं. आज त्यानंतरच्या खर्चाबद्दल, कारण इथेच चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

लॅपटॉप म्हणजे मुळात बांधलेली मोट. जुन्या डेस्कटॉपमध्ये पडदा वेगळा, की-बोर्ड वेगळा, डबा वेगळा. इथे सगळं एकात. यातल्या काही गाठी कारखान्यातच अशा मारलेल्या असतात की नंतर कोणाच्या बापाला सुटत नाहीत. त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. उरलेल्या गाठी आपण घरी सोडवू शकतो, आणि खरोखर उपयोगी पडणाऱ्या बहुतेक वस्तू त्याच कामाच्या असतात. आहे ती मोट नुसती झाकणाऱ्या किंवा सजवणाऱ्या वस्तूंचं मला फारसं कौतुक नाही.

पहिली न सुटणारी गाठ म्हणजे रॅम. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप्स हल्ली मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात. दुकानात याला ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. अॅपलच्या आजच्या सगळ्या मॅकबुकमध्ये असंच आहे. अशा यंत्रात आठ जीबी घेतली की ती शेवटपर्यंत आठच. ब्राउझरमध्ये वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक मोठी एक्सेल फाईल एकदम उघडली की आठ जीबीला धाप लागते; मग संगणक रॅममधलं काही सामान एसएसडीवर ठेवतो, परत आणतो, आणि आपण गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो. म्हणून रॅम ऑनबोर्ड असेल तर सोळा जीबीचंच मॉडेल घ्यावं, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल. काही यंत्रांत अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. तिथे घाई नको.

यंत्र घरी आलेलं असेल तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘सोडिम’ असेल तर रॅमची पट्टी सुटी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर वरचा स्लॉटचा आकडा सोडून द्या, ती सोल्डर केलेली आहे. पट्टी विकत घेताना जुनी कोणत्या पिढीची आहे ते बघून घ्या. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही; एकीला २६० पिना, दुसरीला २६२, आणि मधली खाचही वेगळ्या जागी. जोर लावून बसवलेली पट्टी मी पाहिली आहे. स्लॉटच्या पिना वाकल्या होत्या.

एसएसडीचं बरंचसं सोपं आहे. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूने धरलेली च्युइंगगमच्या पट्टीएवढी सुटी वस्तू असते. नेहमीचं माप २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही छोट्या यंत्रांत ४२ मिलिमीटरचीच जागा असते, म्हणून मागवण्याआधी मॉडेल नंबरावरून खात्री करा. ती बदलण्याआधी विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट केली आहे का तेही बघा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर आपल्याच फायलींच्या दाराशी आपण चावीविना उभे. काढलेली जुनी एसएसडी टाकू नका. काही शे रुपयांच्या केसमध्ये घातली की तिचा झकास एक्स्टर्नल ड्राइव्ह होतो. ५१२ जीबीच्या डिस्कवर विंडोज ४७६ जीबीच दाखवतो म्हणून कोणी फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. आकडा लहान दिसतो, जागा तेवढीच असते.

आता आपण सोडवू शकतो त्या गाठी. सगळ्यात त्रासदायक गाठ म्हणजे पडदा आणि की-बोर्ड यांची. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर हात हवेत, आणि की-बोर्ड कोपराच्या उंचीला आणला तर मान खाली. दोन्ही एका बिजागरीला जोडलेले असल्याने यातून सुटका नाही. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त काम असेल तर सगळ्यात आधी एक वेगळा की-बोर्ड, एक माउस आणि लॅपटॉप उंच ठेवायला काहीतरी, एवढं घ्या. ‘काहीतरी’ म्हणजे स्टँडच हवा असं नाही. मी दोन वर्षं देवघरातला जुना चौरंग वापरला, त्यावर टेलिफोन डिरेक्टरीचे दोन खंड. (त्या डिरेक्टरीचा एवढा उपयोग तिच्या ऐन भरातही झाला नव्हता.) पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आली की झालं. खालून हवा मोकळी खेळते, त्यामुळे कूलिंग पॅडची गरजही बहुतेकांना उरत नाही. गादीवर, मांडीवरच्या उशीवर लॅपटॉप ठेवून खालच्या जाळ्या बंद करायच्या आणि मग पंख्यांचं पॅड घ्यायचं, हा प्रकार मला समजत नाही.

वेगळा की-बोर्ड घेताय तर मराठीचा विचार त्याच वेळी करा. मोबाइलवर आपण ‘kasa’ असं रोमन लिहून ‘कसा’ करतो, पण पानंच्या पानं लिहिणाऱ्याला इन्स्क्रिप्टला पर्याय नाही. ही मांडणी विंडोजमध्ये आधीपासून असते, फक्त भाषेच्या सेटिंगमधून चालू करायची. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’वर क, शिफ्ट धरून दाबलं की ख, ‘एल’वर त, शिफ्टने थ, ‘ओ’वर द, शिफ्टने ध. वर्णमाला माहीत असलेल्या माणसाला पंधरा दिवसांत हात बसतो. पहिले काही दिवस अक्षरांचे स्टिकर लावावेत. ते अगदी स्वस्त मिळतात, आणि माझ्या मते सगळ्या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. सिलिकॉनचं कातडं मात्र नको. त्यावर बोटं घसरतात, आणि काही यंत्रांत की-बोर्डमधून वर येणारी उष्णता अडते. कॅमेऱ्याच्या झाकणाबद्दल अॅपलने २०२० साली ग्राहकांना सांगितलं होतं की ते लावून मॅकबुक मिटू नका, पडदा तडकू शकतो. पडदा आणि खालची बाजू यांच्यात जागाच तेवढी कमी असते. कागदाची चिकटपट्टी पुरते.

आता विजेकडे. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून वरून हलकेच हात फिरवला तर बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटतं, विशेषतः पाय उघडे आणि फरशीवर असतील तर. वाचकांची याबद्दल पत्रं येतात, आणि बहुतेकांना यंत्र बिघडलं असं वाटतं. अडॅप्टरमध्ये रेडिओचा गोंगाट दाबण्यासाठी विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक बारीक कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून अगदी किंचित प्रवाह, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, यंत्राच्या अंगावर येतो. तीन पिनांची केबल असेल तर तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो. दोन पिनांच्या केबलला तो रस्ताच नसतो, मग तो आपल्या अंगातून रस्ता काढतो. आपल्याकडच्या प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची, आणि ती मुद्दाम लांब ठेवलेली असते: प्लग घालताना सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. तेव्हा अडॅप्टरला तीन पिनांची केबल बसत असेल तर तीच वापरा, तिसरी पिन वगळणारा कन्व्हर्टर लावू नका. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला भोकं तीन असतात, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. वायरमन टेस्ट-लॅम्प लावून दोन मिनिटांत सांगतो. मुंग्यांऐवजी झटका बसला तर मात्र तो अडॅप्टर त्याच क्षणी बाजूला ठेवायचा.

स्टॅबिलायझरची गरज नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, कमी-जास्त दाब तो स्वतःच सांभाळतो. त्याला न सांभाळता येणारी गोष्ट म्हणजे वळवाच्या गडगडाटात तारांतून येणारी उसळी. स्पाइक गार्ड घ्यावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. वीज कडाडायला लागली की प्लग काढावा, आणि वायफायच्या डब्याचाही काढावा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून मोठा यूपीएसही नको. लाइट गेल्यावर लॅपटॉप चालूच राहतो, बंद पडतो तो राउटर. त्याच्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो आणि तालुक्याच्या गावी मीटिंग वाचवायला तो कूलिंग पॅडपेक्षा शंभरपट उपयोगी.

टाइप-सी पोर्ट सगळे दिसायला सारखे आणि स्वभावाने वेगळे. काही चार्जिंगही घेतात, काही पडद्याला चित्रही देतात, आणि काही नुसतेच फायली हलवतात. स्वस्त लॅपटॉपवर हा तिसरा प्रकार बऱ्याचदा असतो; अशा पोर्टाला एचडीएमआयचा हब लावला तर टीव्हीवर काहीच उमटत नाही, आणि आपण हबला शिव्या देतो. पोर्टशेजारची खूण आणि कंपनीचं स्पेसिफिकेशनचं पान आधी वाचा. केबलचंही तसंच. फोनबरोबर आलेली चार्जिंगची केबल बहुधा ४८० मेगाबिटची असते. तिने १०० जीबीचे फोटो हलवायला पाऊण तास जाईल, पाच गिगाबिटच्या केबलने आणि चांगल्या एसएसडीवर पाच-सहा मिनिटं.

शेवटची गाठ फायलींची. ‘बॅकअप आहे ना?’ असं विचारलं की दहातले आठ जण म्हणतात, ‘हो, डी ड्राइव्हवर आहे.’ सी आणि डी या बहुधा एकाच डिस्कमध्ये भिंत घालून केलेल्या दोन खोल्या असतात. घर जळलं तर दोन्ही खोल्या जातात. एक टीबीची साधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क याला पुरते. पेनड्राइव्ह नको, आणि जत्रेतल्या भावात मिळणारा ‘दोन टीबी’चा पेनड्राइव्ह तर मुळीच नको. त्यातला कंट्रोलर संगणकाला खोटी जागा सांगतो, आणि खरी जागा भरली की नंतरच्या फायली नुसत्या नावाला उरतात.

भाच्याने डिस्क घेतली आणि लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली. लोकलमध्ये बॅग राहिली तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच डब्यातून कर्जतला जातील, हे त्याला सांगावं लागलं. आता ती डिस्क सोलापूरला त्याच्या आईच्या कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीशेजारी असते. गणपतीला आणि दिवाळीला तो घरी गेला की ताई आधी ती बाहेर काढून ठेवते, मग फराळाचं विचारते.