जाडडोक्या सरडा आणि अंडीचोर

पॅकिसेफॅलोसॉरस! म्हणा बघू एका दमात. 'वेन्सडे'च्या स्पेलिंगमध्ये हमखास गटांगळ्या खाणारी मुलंसुद्धा डायनासोरचं हे नाव घडाघडा म्हणतात. अर्थ विचारला की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

असली नावं आगगाडीसारखी असतात. डबे सुटे करायचे की झालं! पॅकी म्हणजे जाड, सेफॅलो म्हणजे डोकं, सॉरस म्हणजे सरडा. तिन्ही डबे ग्रीक. म्हणजे नाव झालं जाडडोक्या सरडा. ही शिवी नाही हं! या प्राण्याच्या टाळूचं हाड २५ सेंटिमीटरपर्यंत जाड असायचं. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी उभी धरलीत, तर पट्टी संपेल, हाड संपणार नाही.

आता हे डबे दुसऱ्या गाड्यांना जोडू. ग्रीकमध्ये 'डर्म' म्हणजे कातडी. म्हणून हत्ती-गेंड्यांसारख्या जाड कातडीच्या प्राण्यांना इंग्रजीत पॅकिडर्म म्हणतात आणि कातडीच्या डॉक्टरांना डर्मॅटॉलॉजिस्ट. मेंदूज्वराचं डॉक्टरी नाव एन्सेफलायटिस. त्यात डोकं कुठे लपलंय, ते दिसलं ना?

ट्रायसेरॅटॉप्स तर फारच सोपा. ट्राय म्हणजे तीन, सेरॅट म्हणजे शिंग, ऑप्स म्हणजे चेहरा. हा 'ट्राय' म्हणजे आपल्या त्रिकोणातला, त्रिशूळातला 'त्रि'च! ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा, म्हणून असे सख्खे शब्द सापडतात. शिंगाचा डबा गेंड्यालाही आहे. ऱ्हायनोसेरॉस, म्हणजे ज्याच्या नाकावर शिंग आहे तो. हे शिंग ज्या पदार्थाचं बनतं, त्याचं नाव केरॅटिन. तेही शिंगावरूनच पडलंय. गंमत म्हणजे तुमची नखं आणि केसही केरॅटिनचेच आहेत.

पण डबे नेमके कुठे सुटतात, हे कळायला हवं. हेलिकॉप्टर कुठे तोडाल? हेलि आणि कॉप्टर? सगळे तिथेच तोडतात, म्हणून तर हेलिपॅड, क्वाडकॉप्टर असे शब्द तयार झाले. खरा सांधा वेगळाच आहे. १८६१च्या सुमाराला पोंतों दामेकूर या फ्रेंच माणसाने हा शब्द जुळवला तो 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'टेरॉन' म्हणजे पंख यांतून. तोच पंख टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राण्याच्या नावात आहे. (तो डायनासोर नव्हे, बरं का.) त्याचा अर्थ पंखबोट्या. एका लांबच लांब बोटाला कातडी ताणून त्याचा पंख झालेला असायचा. त्याच्या स्पेलिंगमधला पहिला 'पी' मुका असतो, हेलिकॉप्टरमध्ये तोच 'पी' बोलायला लागतो!

आणि हो, दिसेल तिथे डबे शोधत सुटू नका. ट्रिप आणि ट्रिक या शब्दांत 'तीन' कुठेच नाही.

कधी डबे बरोबर असतात आणि नावच चुकीचं असतं. १९२३ मध्ये मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अंड्यांच्या ढिगावर एका डायनासोरचा सांगाडा सापडला. अंडी दुसऱ्या जातीची समजून पुढच्या वर्षी हेन्री ऑसबॉर्न यांनी त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर. लॅटिनमध्ये ओव्हि म्हणजे अंडं (इंग्रजीतला अंडाकृती 'ओव्हल' त्यातलाच), रॅप्टर म्हणजे लुटारू. हे नाव फसवं ठरू शकेल, असं ऑसबॉर्न यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. आणि झालंही तसंच! १९९०च्या दशकात तसल्याच एका अंड्यात पिल्लू सापडलं, ते ओव्हिरॅप्टरच्याच कुळातलं. बिचारा चोर नव्हताच, आपलीच अंडी सांभाळत होता. पण शास्त्रात एकदा ठेवलेलं नाव सहसा बदलत नाहीत, त्यामुळे पुस्तकांत तो अजूनही अंडीचोरच!

जाता जाता एक आपल्याकडचं नाव. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात भल्यामोठ्या पायांच्या डायनासोरची हाडं सापडली. ते साल होतं १९६१, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं. १९७५ मध्ये त्याचं बारसं झालं, बारापासॉरस टागोरेई. 'बारा-पा' हे बंगाली. त्याचा बारा या आकड्याशी संबंध नाही, त्याचा अर्थ मोठा पाय. मागचा डबा मात्र ग्रीकच.