घर न सोडणारी आमरी

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार भरात आला, की हिरव्यागार मिरचीने भरलेले ट्रक दूरदूरच्या राज्यांत निघतात. पण ही मिरची मुळात आपल्याकडची नाहीच, हे माहीत आहे का तुम्हाला? ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज खलाशांनी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ती भारतात आणली आणि जालन्याच्या काळ्या मातीत ती अशी रमली, की आता परकी वाटतच नाही!

आज ओळख करून घेऊ अगदी उलट स्वभावाच्या एका रोपाची. त्याचं नाव हॅबेनारिया पांचगणीएन्सिस. नावातच गावाचा पत्ता! ही एक जंगली आमरी, म्हणजेच ऑर्किड. पाचगणीच्या आणि सह्याद्रीतल्या आसपासच्या काही पठारांवर ती उगवते. सह्याद्रीबाहेर साऱ्या जगात कुठेही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतीशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कापडिया यांनी १९५७ साली तिला हे नाव दिलं. फादर मूळचे स्पेनचे, पण इथल्या रानफुलांमागे त्यांनी उभं आयुष्य घालवलं.

उन्हाळ्यात पाचगणीच्या टेबल लँडवर गेलात तर ही आमरी दिसणार नाही. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात तिचा छोटासा कंद निवांत झोपलेला असतो. पाऊस पडला की पानं वर येतात, मग दांड्यावर पांढरट हिरवी फुलं उमलतात, आणि पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं. कंद मात्र पुढच्या पावसाची वाट बघत खालीच राहतो.

मग ही आमरी मिरचीसारखी गावोगाव का पसरली नाही? खरी गंमत बियांत आहे. मिरचीचं बी चपटं, पिवळसर, हातात धरता येईल एवढं. त्यात कोवळ्या अंकुरासाठी शिदोरी भरलेली असते, म्हणून वाफ्यात टाकून पाणी दिलं की रोप येतं. आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं! एका बोंडात हजारो, काही आमरींच्या बोंडात तर लाखो बिया. वाऱ्याबरोबर त्या सहज उडतात, पण शिदोरी जवळजवळ नसतेच. मातीतली एक खास बुरशी त्या बीला भेटली आणि तिने अन्न पुरवलं, तरच ते रुजतं. बुरशी भेटली नाही, तर बी वाया जातं. बुरशी म्हटली की आपण नाक मुरडतो, पण इथे तीच बाळाला भरवते!

रुजणं जमलं तरी पुढे परागीभवनाचा, म्हणजे पराग योग्य जागी पोचण्याचा, प्रश्न असतोच. आइस्क्रीमला वास देणारा व्हॅनिलाही एका आमरीच्याच शेंगेतून मिळतो. मेक्सिकोतला हा वेल लोकांनी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला. वेल वाढला, फुललाही, पण शेंगा धरेनात, कारण त्याचे ओळखीचे कीटक तिथे नव्हतेच. १८४१ साली एदमाँ नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून जागेवर बसवले. शेंग धरली! आजही जगभरच्या मळ्यांत व्हॅनिलाची फुलं अशीच हाताने फळवतात. त्या मुलाचं नाव विज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पाचगणीच्या आमरीसाठी मात्र असे मळे कुणी लावलेले नाहीत. तिचं पठार, तिची बुरशी आणि तिचे कीटक टिकले, तरच ती टिकेल. म्हणून शाळेच्या सहलीला पाचगणीला किंवा कासच्या पठारावर गेलात तर पायवाट सोडून फुलांत शिरू नका. कंद उकरून घरच्या कुंडीत लावायचा मोह तर अजिबात नको. फूल दिसलं की गुडघ्यांवर बसा, जवळून निरखा आणि वहीत त्याचं चित्र काढा.