प्रौढ जनावरांतील अन्ननलिकेचा फुगवटा

नाशिक जिल्ह्यांत निफाड, लासलगांव, पिंपळगांव बसवंत या कांद्याच्या मुलुखांत चाळींतील निवडून टाकलेला कांदा पुष्कळदां गुरांपुढें येतो. अख्खा कांदा, बटाटा किंवा आंब्याची कोय जनावर न चावतां गिळतें, आणि असा जिन्नस घशाशीं, छातीच्या तोंडाशीं अथवा हृदयाजवळ अडकतो.

अन्ननलिका ही स्नायूंची नळी असून मोठ्या गाईबैलांत सुमारें 3 फूट लांब असते. अडकलेला जिन्नस फार वेळ राहिल्यास तिला आंतून जखम होते. जखम भरतांना व्रण आंखडून ती जागा अरुंद होते, आणि तिच्या वरचा भाग सांचणाऱ्या वैरणीनें ताणून पिशवीसारखा सैल पडतो. हाच अन्ननलिकेचा फुगवटा होय. कांहीं पिलांत तो जन्मतः असतो. प्रौढ जनावरांत बहुधा मागाहून जडतो. कुत्र्यांत अडथळा नसतांहि, मज्जातंतूंची प्रेरणा स्नायूंस न पोंचल्यामुळें सबंध नळी ढिली पडते.

लक्षणें : खाल्ल्यावर उमाळा न येतां घास तोंडानाकांतून परत पडतो. ही ओकारी नव्हे व रवंथहि नव्हे. रवंथाचा घास जनावर पुन्हां चावून गिळतें, हा बाहेर सांडतो. मानेच्या डाव्या बाजूस फुगवटी दिसते. जनावर खात असूनहि रोडावतें. परतलेलें अन्न श्वासनलिकेंत गेल्यास फुप्फुसदाह होऊन तें दगावतें.

उपाय : जिन्नस अडकतांच पोटांतील वायु कोंडतो, डावी कूस फुगते व कांहीं तासांतच प्राणावर बेततें, म्हणून गुरांच्या डॉक्टरास तात्काळ बोलवावें. काठीनें जिन्नस ढकलूं नये, नळी फाटते. नळकांड्यानें तेलपाणी पाजूं नये. तें फुप्फुसांत उतरतें. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडांत उघडा हात घालूं नये; पिसाळलेल्या जनावरासहि गिळतां येत नाहीं.

एकदां सैल पडलेली गुरांची नळी पूर्ववत् होणें कठीण. अशा जनावरास भिजवलेलें मऊ खाद्य उंच गव्हाणींत थोडें थोडें द्यावें. कुत्र्यास मागल्या पायांवर उभें धरून चारावें व नंतर 15 ते 20 मिनिटें तसेंच ठेवावें.

याहून प्रतिबंध सोपा आहे. कांदा-बटाटा विळ्यानें बारीक चिरून, वैरणींत मिसळूनच घालावा. कांदा तर चिरूनहि बेतानेंच द्यावा, कारण अति कांद्यानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होते. आंब्याच्या कोयी उकिरड्यावर न फेंकतां खड्ड्यांत पुराव्यात. चिरण्याची घटकाभर मेहनत बैलाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं.