फोन जुना, लिनक्स नवे

मोबाइल फोन निकामी होतो तो बहुधा सॉफ्टवेअरमुळे. पडदा शाबूत असतो, प्रोसेसर धड असतो, बॅटरी थकली तर दुकानात बदलून मिळते. पण कंपनीने सुरक्षेचे अपडेट थांबवले की काही वर्षांत एकेक अ‍ॅप चालेनासे होते आणि फोन कपाटात जातो. टॅब्लेटचीही तीच गत. अशा उपकरणावरची मूळ प्रणाली पुसून तिच्या जागी लिनक्सवर आधारलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते. त्यासाठी नवे सुटे भाग लागत नाहीत. लागतात संगणक, डेटा केबल, सवड आणि बरीच सावधगिरी.

अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला कर्नल, म्हणजे यंत्र आणि अ‍ॅप यांच्यामधला प्रणालीचा गाभा, प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. गोम आहे ती त्याच्या आवृत्तीत. चिप बनवणारी कंपनी कर्नलची एक आवृत्ती उचलते, तिला आपले ड्रायव्हर जोडते. फोन बनवणारी कंपनी त्यात आणखी भर घालते. ही भर मूळ लिनक्समध्ये सहसा परत जात नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेल्या पोको एफ१चे उदाहरण बोलके आहे. त्यात ४.९ हा कर्नल होता, जो डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. म्हणजे खोक्यातून बाहेर पडतानाच फोनचा गाभा पावणेदोन वर्षे जुना होता. मूळ लिनक्सकडून त्या आवृत्तीची देखभाल जानेवारी २०२३ मध्ये संपली. त्याच फोनमधला स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर मात्र आजही रोजच्या कामाला पुरून उरतो.

पर्यायी प्रणालींची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिले अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर उभे असलेले. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेली सायनोजेनमॉड ही त्यातली सर्वांत गाजलेली प्रणाली. भारतात ती अनेकांच्या हाती पडली २०१४-१५ मध्ये वनप्लस वन आणि यू युरेका या फोनांतून. तिच्यामागची कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये मागे हटली तेव्हा स्वयंसेवकांनी तोच कोड ‘लिनेज ओएस’ या नावाने पुढे नेला. लिनेज बसवलेला फोन दिसायला-वागायला अँड्रॉइडच असतो. कंपनीची भरताड अ‍ॅप नसतात आणि बंद पडलेले अपडेट पुन्हा सुरू होतात. जुना फोन वापरात आणायचा एवढाच हेतू असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा.

दुसरे घराणे अँड्रॉइड बाजूला ठेवून संगणकावरचे लिनक्सच फोनवर आणते. कॅनॉनिकल कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेले उबुंटू टच २०१७ मध्ये तिने सोडून दिले. यूबीपोर्ट्स या समूहाने ते सांभाळले. त्याच वर्षी पोस्टमार्केट ओएस हा प्रकल्प पुढे आला. एका फोनला दहा वर्षांचे आयुष्य द्यायचे, हे त्याचे घोषित उद्दिष्ट. डेबियनवर आधारलेले मोबियन आणि फिनलंडच्या योला कंपनीचे सेलफिश हीही याच घराण्यातली.

भारताला ही कल्पना अपरिचित नाही. हातात मावणारा लिनक्स संगणक बनवण्याचा एक आरंभीचा प्रयत्न कर्नाटकात झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे यांच्या पुढाकाराने ‘सिम्प्युटर’ आकाराला आला. एप्रिल २००१ मध्ये त्याचा नमुना दाखवण्यात आला आणि मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा’ बाजारात आला. भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवण्याची सोय त्याच्या आराखड्यात होती. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामात तो वापरून पाहिला. खप मात्र अपेक्षेच्या जवळपासही पोहोचला नाही. आयफोन आणि अँड्रॉइडच्याही आधीचा हा विचार होता, म्हणून त्याची आठवण ठेवायला हवी. पुढे जुलै २०१६ मध्ये इंटेक्सने सेलफिशवर चालणारा अ‍ॅक्वा फिश ५,४९९ रुपयांना आणला. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखालून ‘भारओएस’ जाहीर झाली. ती पहिल्या घराण्यातली, अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर उभी असलेली प्रणाली आहे.

संगणकावर लिनक्स बसवणे अर्ध्या तासाचे काम असते. मग फोनवरच एवढे अवघड का? संगणक सुरू होताना त्यातले बहुतेक भाग स्वतःची ओळख सांगतात. यूएसबीला माउस जोडला की तो ‘मी अमुक कंपनीचा माउस’ असे कळवतो. फोनमधले भाग मुके असतात. स्पर्श ओळखणारी चिप, चार्जिंगची चिप, कंपास, कॅमेरा हे सगळे आतल्या बारीक तारांवर बसवलेले असतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कोणत्या तारेवर, कोणत्या पत्त्यावर, किती व्होल्टवर कोण बसले आहे याची यादी कर्नलला आधीच हातात द्यावी लागते. या यादीला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि कंपनीने नीट दिली नाही तर कोणीतरी महिनोन्‌महिने खपून ती तयार करतो.

एकाच मॉडेलमध्येही फरक निघतो. पोको एफ१च्या पडद्याची पॅनेल दोन वेगळ्या कारखान्यांची, तिआनमा आणि ईबीबीजी यांची, आहेत. बाहेरून दोन्ही फोन हुबेहूब सारखे. म्हणून पोस्टमार्केट ओएसमध्ये या एका फोनसाठी दोन पर्याय ठेवलेले आहेत. चुकीचा निवडला तर पडदा काम करत नाही. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्या मॉडेलची फाईल ‘चालून जाईल’ म्हणून टाकणे किती धोक्याचे, ते यावरून कळावे. या अडचणीवर उबुंटू टचने तोडगा काढला आहे: ‘हॅलियम’ या मधल्या थरामार्फत अँड्रॉइडचेच जुने ड्रायव्हर वापरायचे. कॅमेरा आणि कॉल लवकर चालू होतात, पण गाभा जुनाच राहतो. पोस्टमार्केट ओएसचा कल मूळ, ताज्या लिनक्स कर्नलकडे आहे. तो मार्ग संथ आहे, कॅमेरा अनेकदा शेवटपर्यंत रुसलेला राहतो. तरी फोनचे आयुष्य खरोखर वाढवणारा मार्ग तोच.

प्रत्यक्ष बसवताना पहिला अडसर बूटलोडरचा असतो. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा हा छोटा प्रोग्राम फक्त कंपनीची सही असलेली प्रणाली आत येऊ देतो. त्याचे कुलूप उघडल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. गुगल पिक्सेल आणि वनप्लसच्या बहुतेक फोनांत ते उघडता येते. शाओमीने बराच काळ १६८ तास थांबण्याची अट ठेवली होती. काही कंपन्या ते उघडूच देत नाहीत. म्हणून जुना फोन विकत घेण्याआधी हे तपासावे. कुलूप उघडताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे फोटो आणि नंबर आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे लागतात.

त्यानंतर सहसा आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवर एकत्र दाबून फोन ‘फास्टबूट’ अवस्थेत नेतात आणि केबलने संगणकाला जोडतात. ‘फास्टबूट डिव्हायसेस’ ही आज्ञा दिल्यावर संगणकाच्या पडद्यावर अक्षर-अंकांची एक ओळ उमटली तर जोडणी झाली. काहीच उमटले नाही तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. स्वस्त केबलींमध्ये चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. जोडणी जमली की रिकव्हरी, म्हणजे प्रणाली बसवण्याचा छोटा प्रोग्राम, किंवा बूटची फाईल पाठवली जाते, आणि मग मुख्य प्रणाली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतात तेव्हा क्रिया जवळपास हीच असते. फक्त तिथे कंपनीचेच सॉफ्टवेअर परत टाकले जाते.

फोन मध्येच अडकला तर फास्टबूटमधून मूळ प्रणाली परत टाकता येते, तेवढ्यासाठी ती आधीच उतरवून ठेवावी. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि सिग्नलच्या जुळणीची माहिती ज्या विभागांत असते त्यांना हात लावू नये आणि जमल्यास त्यांची प्रत ठेवावी. प्रणाली बदलणे बेकायदा नाही. आयएमईआय बदलणे हा मात्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणखी एक गोष्ट: उघड्या बूटलोडरचा फोन चोराच्या हाती लागला तर त्यातली प्रणाली बदलणे त्याला सोपे जाते. पिक्सेल फोनवर चालणारी ग्राफीन ओएस बसवून झाल्यावर कुलूप पुन्हा लावू देते, हा तिचा मोठा गुण.

प्रणाली बसली म्हणजे फोन उपयोगाचा झाला असे नाही. बेळगावहून खानापूरमार्गे लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, घाटाच्या जंगलपट्ट्यातले गुंजी गाव डोळ्यांसमोर ठेवले तर दोन प्रश्न ठळक होतात. पहिला बोलण्याचा. जिओचे जाळे सप्टेंबर २०१६ पासूनच २जी-३जीविना आहे. त्यावर कॉल होतो तो ‘व्होल्टी’ने, म्हणजे ४जीवरून थेट. लिनेज ओएसमध्ये क्वालकॉम चिपच्या पुष्कळ फोनांवर ही सोय चालते, सॅमसंगच्या फोनांवर बहुधा अडते. शुद्ध लिनक्सवर ती मोजक्याच मॉडेलांवर आहे. अशा फोनमध्ये जिओचे सिम घातले तर इंटरनेट चालेल, कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा बीएसएनएलचे सिम असेल तर २जीवरून बोलता येते, अर्थात त्या गावापर्यंत ते जाळे पोहोचत असेल तर. पैशांचीही हीच कथा. यूपीआयची अनेक अ‍ॅप बूटलोडरचे कुलूप उघडे आहे का ते तपासतात आणि सिमची खातरजमा एसएमएसने करतात. शुद्ध लिनक्सवर ‘वेड्रॉइड’ वापरून अँड्रॉइडची अ‍ॅप चालवता येतात, पण यूपीआयची ही तपासणी त्यातून सहसा पार होत नाही. तेव्हा घरातल्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये.

दुसरा प्रश्न लिपीचा. सीमाभागात घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. एकाच उपकरणावर दोन्ही लिप्या नीट दिसायला हव्यात. या बाबतीत लिनक्सची तयारी चांगली आहे. त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे: तिथल्या रेड हॅटच्या कार्यालयात ‘लोहित’ या खुल्या फॉन्टसंचाची देखभाल झाली आणि त्यात देवनागरीबरोबर कन्नडही आहे. अक्षरे जुळवण्याचे काम ‘हार्फबझ’ करते, त्यामुळे ‘वाऱ्या’तला ऱ्य आणि कन्नडची खाली लटकणारी जोडाक्षरे जागच्या जागी बसतात. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही भारत सरकारची प्रमाणित मांडणी आहे. तिचा खरा लाभ दुभाषिक लेखकाला होतो, कारण मराठीचा क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचा क आहे. एक मांडणी बोटांत बसली की दुसरी आपसूक येते. बाहेरचा कीबोर्ड जोडलेल्या टॅब्लेटवर हे लगेच चालते; पडद्यावरच्या कीबोर्डची तयारी प्रत्येक प्रणालीत वेगवेगळी आहे. लिनेजवर स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग या समूहाचा खुला ‘इंडिक कीबोर्ड’ मराठी आणि कन्नड दोन्ही पुरवतो.

टॅब्लेटच्या बाबतीत हिशेब सोपा होतो, कारण त्यावर ना कॉलची अपेक्षा असते ना यूपीआयची. वाय-फाय, पडदा, आवाज आणि कीबोर्ड एवढे चालले तरी शाळकरी मुलाला पुरते. २०१३च्या नेक्सस ७ या टॅब्लेटवर उबुंटू टच चालवणारे याच कारणाने कितीतरी वर्षे टिकून राहिले. ‘किविक्स’ या मोफत प्रोग्रामने मराठी आणि कन्नड विकिपीडिया एकदाच उतरवून घेतले की पावसाळ्यात नेट नसले तरी वाचता येतात. लिब्रे ऑफिस, गणिताचे ‘जिओजेब्रा’, पायथन भाषा हे सगळे संगणकावरच्यासारखेच मिळते, फक्त मेमरी ३ जीबी तरी असावी. असा टॅब्लेट किंवा फोन कायम चार्जिंगला लावून ठेवायचा असेल तर एक पथ्य पाळावे: सतत शंभर टक्के भरलेली लिथियम बॅटरी फुगू शकते. काही फोनांत कर्नलला चार्जिंगची मर्यादा सांगता येते. ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवावी. तशी सोय नसेल तर प्लगला टायमर लावावा, आणि पाठीचे झाकण जरा जरी उचललेले दिसले तर ती बॅटरी काढून टाकावी.