दिवा बदलण्याआधी डोळे तपासा

"डॉक्टर, रात्री गाडी चालवताना रस्ता नीट दिसत नाही. झेनॉनचे दिवे बसवून घेऊ का?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर कानावर येतो. विचारणारे बहुधा पन्नाशीच्या पुढचे असतात. गाडीच्या दिव्याबद्दल नेत्रवैद्याला काय विचारायचे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु दिवा गाडीचा असला तरी पाहण्याचे काम डोळ्यालाच करावे लागते आणि आपल्या गाडीचा दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून या आठवड्यात या विषयाची थोडी माहिती घेऊ.

अंधारात डोळा कसा पाहतो?

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त प्रकाश आत घेते. तरुणपणी ती सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ती कमी उघडू लागते. आतले नेत्रभिंगही पिवळसर व गढूळ होत जाते. त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. डोळ्यांना कोणताही आजार नसतानाची ही गोष्ट आहे.

दुसरी अडचण चकाकीची. समोरून प्रखर प्रकाश आला की गढूळ भिंगात तो विखुरतो आणि डोळ्यांपुढे धुके पसरल्यासारखे होते. त्या धुक्यात रस्त्याच्या कडेचा माणूस, बैलगाडी किंवा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसेनाशी होते. गाडी निघून गेल्यावरही नजर सावरायला काही सेकंद लागतात. वय जास्त असेल तर वेळही जास्त लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. म्हणजे हे ५० मीटर आपण जवळजवळ न पाहताच कापतो!

झेनॉनचा दिवा म्हणजे काय?

नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये तार तापून प्रकाश पडतो. झेनॉनच्या बल्बमध्ये तार नसते. काचेच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू व काही धातूंचे क्षार असतात. दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडून ती चालू ठेवली जाते आणि तीच प्रकाश देते. ही ठिणगी पेटवायला २० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो व तो 'बॅलास्ट' नावाच्या डबीतून मिळतो. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या एका मोटारीत असे दिवे प्रथम आले. नव्या गाड्यांत त्यांची जागा आता बहुतांशी एलईडीने घेतली आहे. तरीही जुन्या गाड्यांना बसवण्यासाठी झेनॉनचे किट बाजारात मिळते.

हॅलोजनच्या नेहमीच्या एच-४ बल्बचा डिपर सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो. ३५ वॅटचा चांगला झेनॉन बल्ब सुमारे ३२०० ल्युमेन देतो. तिप्पट उजेड मिळतो म्हटल्यावर कोणालाही मोह पडेल. पण हा उजेड पडतो कुठे, हे पाहिले पाहिजे.

घोटाळा कुठे होतो?

एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अपरची व एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. त्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो व तेथून खाली रस्त्याकडे वळतो. पूर्वी दिव्याच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग लावत, त्यामागेही समोरच्याचे डोळे वाचवण्याचाच हेतू होता.

रिफ्लेक्टरची घडण त्या बारीक तारेच्या जागेनुसार केलेली असते. तेथे झेनॉनची कुपी बसवली, तर ठिणगीचा आकार वेगळा आणि जागाही किंचित वेगळी होते. मग तिप्पट प्रकाश वाटेल तसा उधळतो. थोडा झाडांच्या शेंड्यावर जातो, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि बराचसा गाडीच्या पुढ्यातच पडतो. पुढ्यात लख्ख दिसते म्हणून चालकाला समाधान वाटते. प्रत्यक्षात या जवळच्या उजेडाने बाहुली लहान होते आणि लांबचे उलट कमी दिसते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब खोचल्यासही हेच घडते.

माझ्याकडे एक दूधवाले आले होते. पहाटे सायकलवरून येताना समोरच्या मोटारीच्या पांढऱ्या झोताने त्यांना काहीच दिसेना. ते कॅनसकट चारीत गेले व बाभळीचा काटा डोळ्यात घुसला. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल राहिले ते कायमचे. त्या मोटारवाल्याला आपल्या मागे काय घडले, याचा पत्ताही नसेल.

आधी हे तपासा

रात्री दिसत नाही, याची कारणे पुष्कळदा दिव्यात नसतातच. खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. चष्म्याचा नंबर : किंचित ऋण नंबर दिवसा जाणवत नाही, रात्री जाणवतो. चष्म्याच्या काचेवर ओरखडे असतील तर समोरचा दिवा फुटल्यासारखा दिसतो.

२. मोतीबिंदू : दिव्याभोवती किरणे दिसणे, समोरचा झोत सहन न होणे ही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. दिवसा वाचता येते म्हणून मोतीबिंदू नाही असे समजू नये. मोटार चालवणारे ५८ वर्षांचे एक गृहस्थ झेनॉनचा सल्ला विचारायला आले, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे काम जुन्या दिव्यांवरच भागले. रात्री गाडी चालवत असाल तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तसे जरूर सांगा. जवळचे-लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या काही कृत्रिम भिंगांमुळे दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

३. मधुमेह, काचबिंदू, रातांधळेपणा : या विकारांतही अंधारात दिसणे कमी होते. दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोळा व डोके दुखत असेल तर तपासणीला उशीर करू नये. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी होणार असेल तर सोबतीला कोणाला तरी आणा. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका.

४. गाडीची काच व वायरिंग : समोरच्या काचेवर आतून बसलेला धुरकट थर, झिजलेले वायपर, पिवळी पडलेली हेडलाइटची प्लॅस्टिक काच यांनी बराच उजेड वाया जातो. जुन्या वायरिंगमुळे बल्बला मिळणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला, तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर व रिले बसवून घेतल्यास तोच बल्ब नव्यासारखा पेटतो आणि खर्चही थोडका येतो.

बसवायचेच असतील तर

एवढे करूनही गरज वाटत असेल, तर आधी आरटीओ कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनाजोगे बदल करता येत नाहीत. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने दिव्याचा झोत खाली वळलेला असावा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सांगितले आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीचे झेनॉन दिवे येत असतील, तर तो संपूर्ण दिवा घेणे सर्वांत बरे.

नुसता बल्ब मात्र बदलू नये. झेनॉनसाठीच बनवलेला प्रोजेक्टर हवा. त्यात बल्बपुढे जाड बहिर्गोल भिंग असते आणि मध्ये प्रकाश कापणारी पत्र्याची झडप असते. त्यामुळे भिंतीवर झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते.

प्रोजेक्टर डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशासाठी केलेला असावा. अशा डिपरचा झोत डाव्या अंगाला थोडा वर चढतो व कडेची माणसे दाखवतो. जर्मनी किंवा अमेरिकेसाठी केलेला दिवा उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्याकडे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जुन्या बाजारातून घेताना हे विशेष पाहावे.

रंगाच्या आकड्याला भुलू नये. कंपनीचे दिवे साधारण ४३०० केल्विनचे असतात. ६००० किंवा ८००० म्हणजे उजेड जास्त असा अर्थ नव्हे, तो फक्त निळसर होतो आणि डोळ्यांना अधिक खुपतो. ३५ वॅट पुरेसे आहेत. ५५ वॅटच्या उष्णतेने आतले भाग खराब होऊ शकतात.

बॅलास्ट पाणी लागणार नाही अशा जागी पक्का बसवावा. बॅटरीपासून फ्यूज व रिलेसह स्वतंत्र वायर घ्यावी. दिवा चालू असताना जोडणीला हात लावू नये, धक्का जिवावर बेतू शकतो. बल्बच्या काचेला बोट लावू नये. उघडा बल्ब पेटवून त्याकडे टक लावून पाहू नये. त्यातील अतिनील किरणांनी, वेल्डिंग पाहिल्यावर होते तशी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ शकते.

फोकस लावून घ्या

सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. टायरमधील हवा बरोबर असावी आणि चालकाच्या जागेवर माणूस बसलेला असावा. उतार किती टक्के ठेवायचा, ते पुष्कळ गाड्यांत हेडलाइटजवळ किंवा बॉनेटखाली छापलेले असते. तो १ टक्का असेल, तर भिंतीवर डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल तर कड ५५ सेंटिमीटरवर हवी. मागे माणसे व सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि झोतही वर जातो. अशा वेळी फोकस खाली करण्याचे बटण वापरावे. युरोपात इतक्या प्रखर दिव्यांबरोबर आपोआप पातळी राखणारी यंत्रणा व काच धुणारा फवारा सक्तीचा असतो, तो याच कारणासाठी.

समोरून झोत आला तर

वेग कमी करा. नजर दिव्याकडे न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. रागाने आपला अपर लावू नका. एकाऐवजी दोघे आंधळे झाल्याने कोणाचाच फायदा होत नाही. रात्री काळा गॉगल मुळीच नको. 'नाईट ड्रायव्हिंग'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांनीही दिसणे सुधारत नाही. चष्मा असल्यास चकाकी कमी करणारे कोटिंग करून घेतल्यास थोडा आराम पडतो.

चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी व साठीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. मधुमेही व्यक्तींनी वय न पाहता दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी करावी. नवे दिवे बसवलेच असतील, तर आज रात्री एखाद्या मित्राला आपल्या गाडीत बसवून डिपर लावायला सांगा आणि स्वतः पन्नास पावलांवर समोर उभे राहून पाहा. डोळे मिटावेसे वाटले, तर उद्या सकाळी पहिले काम फोकस खाली करून घेण्याचे!